म्हातारी बोलली

बोअरची मोटर हवा ओढायला लागल्यापासून घरात कुणाच्याच जिवाला थारा नव्हता.

एरवी तिची घरघर भिंतीतून, फरशीतून, फडताळातल्या भांड्यांतून सतत चालू असायची. पाहुणे विचारायचे, "हा कसला आवाज?" आणि घरच्यांना आधी आठवावं लागायचं, की हो, आवाज आहे खरा. आता ती मधेच खोकायची. घरघर तुटायची, पाईपातून फसफसत हवा यायची आणि मग, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा पाणी. खाली पिण्याच्या पाण्याचे कॅन भरायच्या प्लँटमध्ये तेवढा वेळ सगळ्यांचे हात थांबायचे. वर स्वयंपाकघरात सुनेचाही.

मागच्या अंगणात दोन बोअर होत्या. नवी, जिच्यात मोटर होती. नवी म्हणजे फक्त नावाला, सुनेचा नवरा त्या बोअरहून वयानं लहान होता. आणि तिच्या शेजारी, लोखंडी झाकणाखाली, नवऱ्याच्या आजोबांनी, आबांनी, तरुणपणी स्वतः खोदलेली पहिली. तिला सगळे म्हातारी म्हणायचे.

आज दुपारी सगळे जमणार होते. नव्या बोअरमध्ये दुप्पट ताकदीची मोटर पार तळाशी सोडायची की नाही, हे ठरायचं होतं. म्हणजे ठरायचं असं नुसतं म्हणायचं. सासरे, ज्यांना घरापासून गल्लीपर्यंत सगळे दादा म्हणत, त्यांनी मोटर आणूनसुद्धा ठेवली होती. जिन्याखाली, लांबलचक खोक्यात, येता-जाता पायाला लागेल अशी. फक्त आबांचा होकार यायचा बाकी होता.

सून पातेल्यासमोर उभी होती. खांद्यावर तान्ही पिटू. बाळंतपणानंतरच्या तापात तिचं दूध आटलं ते नीट आलंच नाही. तेव्हापासून पिटू पावडरच्या दुधावर होती, आणि पावडर ज्या पाण्यात कालवायची त्या पाण्यावर सुनेचा पहारा. पेला खिडकीशी धरून ती उजेडात बघायची. वास घ्यायची. आधी ती पाणी एकदा उकळायची. मग पिटू दूध ओढताना दमायला लागली, तेव्हा दोनदा. जसजसा जीव घाबरा व्हायचा तसतसं पातेलं जास्त वेळ शेगडीवर राहायचं.

"अगं, किती उकळशील?" सासूबाईंनी आत येत विचारलं. त्यांना घरात माई म्हणत. "पाण्याचा काढा करून पाजणार आहेस का पोरीला?"

"थोडंच राहिलंय, माई."

"आबांचं पाणी उकळणारी या घरातली तू पहिलीच बाई. बाहेर बोलू नकोस हो. गिऱ्हाईक पळेल."

सून हसली नाही. तिनं पिटूला खिडकीकडे वळवलं. "माई, हिचे ओठ बघा ना. आज पुन्हा तसेच दिसतायत."

माईंनी पाहिलं. नातीच्या ओठांच्या कडेला पिकत आलेल्या जांभळासारखी फिकट झाक होती. त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं, जणू पुसलं की जाईल.

"थंडी बाधली असेल. टोपडं घाल," त्या म्हणाल्या आणि कपबश्या मोजायला लागल्या. सुनेला माईंचा स्वभाव आता कळला होता. ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटायची तिच्याकडे त्या पाठ करून उभ्या राहायच्या आणि हाताला काम लावायच्या.

*

आत्या आली तेव्हा दादा प्लँटच्या दारात उभे होते. बहीणभाऊ धड बोलले त्याला बराच काळ लोटला होता. प्लँट वाढवायच्या वेळी आत्यानं "हावरटपणा" हा शब्द वापरला होता आणि दादांनी तो जपून ठेवला होता.

"आलीस? म्हटलं हावरटांच्या घरी पाय ठेवतेस की नाही."

"आबांनी बोलावलं म्हणून आलेय. तुझ्यासाठी नाही."

"बरं. पण माझ्याशी अबोला धरलास तेव्हाही तुझ्या वॉर्डात कॅन आमचेच लागले. तेसुद्धा तुझ्याच शब्दावर."

"पाणी तुझं नाहीच मुळी," आत्या पायरीवर चपला काढत म्हणाली, "आबांचं आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही."

दादा हसले. तीही हसली. आत्या मोठ्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डाची मुख्य नर्स होती. सगळ्या वॉर्डाला धाकात ठेवणारी ही बाई बापाच्या अंगणात आली की बापाची लाडकी होऊन जायची. आमच्या पाण्याला क्षार काढायचं यंत्र लागत नाही, हे दादांचं वाक्य तिनंही वर्षानुवर्षं लोकांना ऐकवलं होतं. गाळणी आणि जंतू मारायचा दिवा, बस. बाकी काम जमिनीनं करून ठेवलेलं.

वर येऊन तिनं आधी पिटूला घेतलं. सवयीनं तिची बोटं उलगडली, नखं पाहिली. मग ओठ. मग पुन्हा नखं.

"हे कधीपासून?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सुनेला दिसतंय तेच पाहिलं होतं. "थोडे दिवस झाले. आधी वाटलं उजेडाचा खेळ. दूध पिताना धापा टाकते, आत्या. रडतेसुद्धा दमून दमून."

"न्युमोनियाबिमोनिया? खोकला?"

"काही नाही."

"पाणी कुठलं देतेस?"

"आपलंच. उकळून. दोन-दोनदा."

आत्यानं पिटूचं नख पुन्हा दाबून पाहिलं. अशी मुलं तिनं पाहिली होती. मागच्या गल्ल्यांमधली, जिथं उथळ विहिरी आणि शोषखड्डे एकमेकांना चिकटून असतात. आईबाप शपथेवर सांगायचे, पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. असायचंच ते. त्यातलं विष डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही लागत नाही. तिच्या मनात तो विचार आला, आणि लगेच त्याची लाज वाटली. आबांचं पाणी? जिथं शहराची घाण पोचूच शकत नाही, इतक्या खोलवरचं?

"अंगणातलं आटपू दे," ती म्हणाली. "मग मी हिला घेऊन जाते. आमचे डॉक्टर बघतील एकदा."

"काळजीचं आहे का?"

"बघू या," आत्या म्हणाली. आणि सुनेला कळलं, की 'नाही' म्हणाली नाही.

*

बोअरबद्दलचा कुठलाही निर्णय म्हातारीला कान लावल्याशिवाय घ्यायचा नाही, हा आबांच्या घरचा रिवाज होता. लोक हसायचे. आबांनी हसू दिलं. ज्या बोअरला काम नाही ती माती-सिमेंट घालून गच्च बुजवायची, हा बोअर खणायच्या धंद्यातला पहिला धडा; तो आबांनीच सगळ्यांना शिकवला होता. शहरात कितीतरी जुन्या बोअर त्यांनी स्वतः उभं राहून बुजवून घेतल्या. स्वतःची पहिली तेवढी ठेवली. तरुणपणी ती लागली तेव्हा पाणी आपल्या जोरावर चढत चढत पार तोंडाजवळ येऊन थांबलं होतं. न ओढता, न मागता. असं पाणी ज्यानं पाहिलं त्याच्यानं तिच्या तोंडात माती घालवत नाही.

मग समोर इमारत झाली, तिच्यामागे आणखी झाल्या. प्रत्येकीनं आपली बोअर घेतली, प्रत्येकीची आधीच्याहून खोल. म्हातारीचं पाणी उतरत गेलं. शेवटी शेवटी तर झाकण उघडलं की आपलाच श्वास परत यायचा.

दादांनी आणि पंप्यानं मिळून झाकण सरकवलं. पंप्या म्हणजे सुनेचा नवरा. लहानपणी घरातले सगळे पंप खोलून ठेवायचा आणि एकही परत जोडायचा नाही, म्हणून हे नाव पडलं. आता तोच प्लँट चालवत होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

आबा गुडघ्यांवर बसले. तळवा पाईपाच्या कडेवर, कान तोंडाशी. माई कमरेवर हात ठेवून उभ्या. आत्यानं पिटूला सुनेकडे दिलं. अंगणात लख्ख ऊन होतं.

आबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आधी गोठल्या, मग हलल्या.

"बोलतेय," ते पुटपुटले.

"काय?"

"अरे, बोलतेय! पाणी आहे. ऐक, ऐक की."

दादा अक्षरशः आडवे झाले. त्यांनी ऐकलं आणि लहान पोरासारखे ओरडले, "म्हातारी बोलली! माई, इकडे ये. पंप्या, ऐक लेका. लोक म्हणतात खालचं संपत आलं. हे घ्या, परत आलं!"

माईंनी ऐकलं, डोळ्यांना पदर लावला. पंप्यानं ऐकलं. आत्यानं कान लावला आणि ती उठलीच नाही बराच वेळ. बापाच्या मांडीवर बसून हे ऐकलेलं तिला आठवत असावं.

"म्हणजे ठरलं," दादा हात झटकत उठले. "मोटर आजच सोडू. आबा, आता नाही म्हणू नका. तिनंच कौल दिलाय."

"दिलाय खरा," आबा म्हणाले. "सूनबाई, ये. पणतीला ऐकव. तिच्या नशिबानं आलंय."

सून पिटूला खांद्याशी धरून वाकली. गार हवेचा झोत गालाला लागला. खाली, खूप आत, बारीक आवाज होता. टपटप नव्हे, सलग. शेजारच्या न्हाणीघरात कुणी नळ नीट बंद केला नाही की भिंतीपलीकडून येतो तसा. तिनं श्वास रोखला. पिटूच्या बाटल्या, बादल्या, पातेली भरण्यात तिचा दिवस जायचा. चढणारं पाणी कसलं बोलतंय? ते मुकाट चढतं. आवाज करतं ते पडणारं.

"आबा," ती तशीच वाकून म्हणाली, "पूर्वी पाणी वर यायचं, तेव्हाही असाच आवाज यायचा?"

"हो तर. तेव्हा..."

आबा थांबले.

तेव्हा कसलाच आवाज यायचा नाही. त्यांना आता लख्ख आठवलं. त्या पहिल्या दिवशी ते पाईपाशी बसून राहिले होते आणि आपण बहिरे झालो की काय असं त्यांना वाटलं होतं. पाणी आलेलं कानाला कळलंच नव्हतं. ते एकदम डोळ्यांसमोर चमकलं होतं.

"आरसा आणा," आबा म्हणाले.

"आता आरसा कशाला?" दादा अजून हसत होते.

"आण म्हणतो ना!"

*

पंप्यानं न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून उतरवून आणला. हे काम लहानपणापासून त्याचंच. ऊन आरशात धरायचं, कवडसा बोअरच्या तोंडावर पाडायचा आणि मनगट जराही न हलवता तो खाली खाली न्यायचा. पाईपाची भिंत कुठं फुगली, कुठं फाटली, सगळं दिसतं.

उजेड खाली सरकत गेला. तांबूस गंजाचे पोपडे. एक सांधा, ठीक. त्याखाली दुसरा. तिथं काहीतरी चमकलं आणि पंप्याचं मनगट थबकलं.

सांध्याचं लोखंड गंजून खाल्लं गेलं होतं. त्या भोकातून पाणी आत येत होतं. बोटाएवढी धार. ती पाईपाच्या भिंतीला धरून थोडी उतरायची आणि मग सुटून अंधारात पडायची. जिथं सुटायची तिथं पांढरा फेस जमला होता. तेवढ्यात वाऱ्यासोबत वासही वर आला, अगदी ओळखीचा. साबणाचा.

त्यानं कवडसा आणखी खाली नेला. तळाला जिथं पाण्याचं तोंड चमकायला हवं तिथं काहीच चमकलं नाही.

"आबा," पंप्या म्हणाला, "हे खालून येत नाहीये."

दादांनी त्याला ढकलून स्वतः पाहिलं. मग आत्यानं. आबांना उठवत नव्हतं. त्यांना पाहायची गरजही नव्हती.

"एवढीशी धार आहे," दादा म्हणाले. "उगाच तोंडं पाडू नका. खाली केवढं पाणी आहे! समुद्रात चूळ टाकली म्हणून समुद्र बाटत नाही."

"होतं," आबा म्हणाले.

"काय?"

"केवढं पाणी होतं. आता किती आहे, ते तुझी मोटर सांगतेय ना खोकून खोकून." आबा झाकणाला टेकून बसले होते आणि झाकणाशीच बोलत होते. "खालच्या पाण्यात जोर होता तोवर वरच्या घाणीची काय बिशाद होती खाली उतरायची! भोक पडलं असतं तरी खालचंच पाणी भोकातून बाहेर गेलं असतं. तो जोर आपण ओढून काढला. आपण, समोरच्यांनी, त्यांच्यामागच्यांनी. खालचं रिकामं झालं, वरचं खाली निघालं. आणि त्याला नव्या बोअरपर्यंत उतरायला जिना मी उघडा ठेवला. माझी पहिली म्हणून."

"आणि नव्या मोटरीनं?" पंप्यानं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. तरी ते वडिलांसमोर कुणीतरी मोठ्यानं बोलावं असं त्याला वाटत होतं.

"आणखी जोरात उतरेल. आज इथून. उद्या शहरातल्या प्रत्येक फुटक्या पाईपातून. एकदा खाली गेलं की आपल्या हयातीत बाहेर यायचं नाही."

"हे किती दिवस पडतंय?" सुनेनं विचारलं.

म्हातारीचं झाकण मागच्या खेपेला कधी उघडलं होतं, कुणाला आठवेना. कुणाला गरजच पडली नव्हती.

"आत्या, किती दिवस?" तिचा आवाज चढला. "तुम्ही मघाशी पाणी कुठलं म्हणून विचारलंत. का विचारलंत?"

आत्यानं पिटूकडे पाहिलं. अंगणातल्या उन्हात तो रंग लपत नव्हता. "शोषखड्ड्यांचं पाणी मुरलं की त्यात नायट्रेट येतं," ती हळू म्हणाली. "मोठ्यांना चटकन काही होत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त बिघडतं, श्वास घेतला तरी अंगाला पोचत नाही. वेळेत नेलं तर औषध आहे, पोरी. चल, आत्ता निघू."

"पण मी उकळत होते."

आत्यानं पिटूला घ्यायला हात पुढे केले.

"आत्या, मी रोज उकळत होते. इतका वेळ उकळत होते."

"उकळल्यानं जंतू मरतात," आत्या म्हणाली. "हे मरत नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं. जितकं उकळशील..." पुढचं तिनं गिळलं.

सुनेला वरचं पातेलं दिसलं. तळाशी शिल्लक राहिलेलं, डोळ्यांत तेल घालून आटवलेलं पाणी. पहाटे त्याचीच बाटली तिनं पिटूच्या तोंडात धरली होती. पी बाळा, पी, अजून थोडं.

माई आत गेल्या. पातेलं सिंकमध्ये आपटल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. त्या परत आल्या त्या थेट नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात ओले होते आणि या वेळी त्यांनी कशाकडेही पाठ केलेली नव्हती.

"मोटर बंद करा."

"तू मधे बोलू नकोस. तुला यातलं कळत नाही."

"मला एवढं कळतं, की माझ्या नातीचे ओठ निळे पडलेत आणि मी तिला टोपडं घाल म्हणाले. बंद करा."

"आणि आपण बंद केली म्हणून समोरचे थांबणार आहेत?" दादांचा आवाज फाटला. तिथं उभ्या असलेल्या कुणालाच तो राग वाटला नाही. बापानं उभं केलेलं आणि आपण वाढवलेलं सगळं एका बोटभर धारेबरोबर खाली चाललंय, हे ज्याला दिसतं त्याचा आवाज असाच होतो. "सगळं शहर ओढतंय. मी एकट्यानं उपाशी राहून कुणाचं पोट भरणार आहे?"

"ते नाही थांबणार," माई म्हणाल्या. "पण निदान आपला हात तरी थांबेल पाजायचा."

दादा जागचे हलले नाहीत. पंप्यानं आरसा भिंतीला टेकवला, त्यांच्या बाजूनं प्लँटमध्ये गेला आणि खटका खाली ओढला.

घरघर थांबली. सुनेला या घरात आल्यापासून अशी शांतता माहीत नव्हती. पण ती शांतताही पुरी नव्हती. कुंपणापलीकडून, समोरच्या इमारतीखालून, त्यामागच्या इमारतींखालून तशीच घरघर येत होती. इतके दिवस आपल्या आवाजाखाली ती दबलेली होती. आणि पायाशी, उघड्या तोंडातून, बारीक आणि सलग, म्हातारी बोलतच होती.

*

कॅनच्याच गाडीतून निघाले. दुसरी गाडी काढायलाही वेळ नव्हता. पंप्या चालवत होता, शेजारी आत्या, मागे सून पिटूला घेऊन. तिच्याभोवती निळे रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. प्रत्येकावर आबांनी कधीकाळी निवडलेलं चित्र, ओंजळ आणि त्यात थेंब.

"जागी ठेव तिला," आत्या म्हणाली. "बोलत राहा."

सून बोलत राहिली. पिटू, बघ, ते झाड. बघ, सिग्नल. पिटूचे डोळे अर्धे मिटत होते. धाप लागली होती, पण रडू येत नव्हतं. रडायलाही जोर लागतो. सुनेनं तिच्या तळपायाला चिमटा काढला आणि तिच्या बारीक कण्हण्यानं तिला बरं वाटलं. ऐकलंस, ती स्वतःला म्हणाली, दुखतंय तिला. म्हणजे आहे.

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. पंप्यानं हॉर्नवर हात दाबून धरला.

"सकाळी कुठं कुठं कॅन टाकलेस?" आत्यानं एकाएकी विचारलं.

"आत्या, आता ते..."

"सांग ना."

"नेहमीचेच. शाळा. दोन दवाखाने. पुढच्या चौकातली..." पंप्याचा हात हॉर्नवरून खाली आला. त्यानं आत्याकडे पाहिलं.

आत्यानं मोबाईल काढला होता. ती नंबर लावत होती, तोडत होती, परत लावत होती. "उचला," ती काचेकडे बघत म्हणाली. "उचला गं कुणीतरी. भेटीची वेळ असेल. कुणी जागेवर नसेल." मग पंप्याला म्हणाली, "फुटपाथवरून घे."

"आत्या?"

"फुटपाथवरून घे म्हणते ना!"

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाच्या दारात एका डॉक्टरीणबाईंनी पिटूला सुनेच्या हातातून घेतलं. टाचेतून रक्ताचा थेंब काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. सून तो थेंब लाल होण्याची वाट बघत उभी राहिली. तो झाला नाही. चॉकलेटसारखा तपकिरी, तसाच राहिला.

"पाणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमचंच," पंप्या म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि भराभर औषध मागवलं. "वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या. "बाहेर थांबा. रंग परत यायला लागला की बोलावते."

बाहेर आत्या नव्हती.

सुनेला ते समजेना. सगळ्यात जास्त जिची गरज, ती इथवर आणून सोडून गेली कुठं? तिनं व्हरांड्यात दोन्हीकडे पाहिलं. टोकाला मुलांच्या वॉर्डाचं झुलतं दार अजून हलत होतं. ती धावत गेली.

दाराच्या आत, खिडकीशी, मुलांच्या आयांनी बाटल्या धुवाव्यात, दूध कालवावं म्हणून ओटा केलेला होता. त्यावर विजेची किटली, पावडरचे डबे आणि लोखंडी घडवंचीवर उलटा ठेवलेला निळा कॅन. ओंजळ आणि थेंब. आत्या त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उचलत होती. भरलेला कॅन तिच्यानं पेलवत नव्हता. पाणी तिच्या साडीवर, फरशीवर, आयांच्या पायांवर सांडत होतं. हे तिनंच इथं लावलं होतं. आपल्या शब्दावर, आपल्या बापाचं पाणी म्हणून.

"द्या बाटल्या," ती ओरडत होती. "कुणी पाजू नका. ओता ते, सगळ्यांनी ओता!"

आया बघत उभ्या होत्या. सिस्टरना वेड लागलं असावं, असंच त्यांच्या तोंडांवर होतं. सून पुढे झाली आणि तिनं कॅनला खालून हात लावला. दोघींनी मिळून तो मोरीत उलटा केला.

बाकावर एक बाई होती, सुनेच्याच वयाची. मांडीवर तान्हं मूल, आणि त्याच्या तोंडात बाटली अर्धी संपलेली. मूल ओढत होतं, थांबत होतं, दम घेऊन परत ओढत होतं. ती बाई सुनेकडे पाहून समजुतीनं हसली, घाबरलेल्या आईला दुसरी आई हसते तशी.

"अहो, का ओतताय? इथलं तेच तर एक चांगलं पाणी आहे," ती म्हणाली. "आम्ही घरीसुद्धा तेच आणतो. आणि मी तर दोनदा उकळून घेते."

सुनेनं हात पुढे केला आणि त्या परक्या मुलाच्या तोंडातून बाटली काढून घेतली.